जुन्या इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनची केबल आणि प्लग दुरुस्ती : आधी काय तपासायचं, मग काय जोडायचं?

मोबाईलच्या साध्या इयरफोनची वायर तुटली तर आपण फार विचार करत नाही. नवीन घेतो, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानातून जॅक बदलून आणतो. पण हातात ४०-४५ वर्षं जुना इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन असेल आणि त्याची एक बाजू बंद पडली असेल, तर हा उपाय चालत नाही. इथे केबल हा हेडफोनच्या कामाचाच एक भाग असतो. तिच्यातून शेकडो व्होल्ट जातात आणि चुकीची वायर जोडली तर आवाज तरी बिघडतो किंवा हेडफोन तरी.

चांगली बातमी अशी की 'बिघडलेला' म्हणून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या हेडफोनमध्ये कित्येकदा आतला पडदा धडधाकट असतो आणि तुटलेली असते ती फक्त प्लगजवळची एक वायर. ती कशी ओळखायची, कशी जोडायची आणि कुठे हात लावायचा नाही, ते या लेखात पाहूया. उदाहरण म्हणून जपानच्या स्टॅक्स कंपनीचे हेडफोन घेऊ, कारण जुन्या इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये सर्वात जास्त तेच सापडतात. या कंपनीने एसआर-१ हा पहिला इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन १९६० मध्ये बाजारात आणला. एसआर-५, एसआर-एक्स आणि लॅम्बडा ही तिची पुढची गाजलेली मॉडेल्स.

साध्या हेडफोनपेक्षा यात वेगळं काय?

साध्या हेडफोनमध्ये चुंबक आणि तांब्याच्या तारेची कॉइल असते. कॉइल हलते, तिला चिकटलेला पडदा हलतो आणि आवाज येतो. यासाठी एक-दोन व्होल्टसुद्धा पुरतात, म्हणूनच फोनवर काम भागतं.

इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये कॉइल नसते. दोन छिद्रं असलेल्या धातूच्या जाळ्या आणि त्यांच्या मधोमध ताणलेला अतिशय पातळ प्लॅस्टिकचा पडदा, एवढंच. पडद्याची जाडी एक-दोन मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसापेक्षा कितीतरी पटीने पातळ. या पडद्यावर स्थिर विद्युतभार ठेवला जातो, त्याला बायस म्हणतात. गाण्याचा सिग्नल दोन्ही जाळ्यांना उलटसुलट दिला जातो. एक जाळी पडद्याला ओढते, दुसरी ढकलते आणि पडदा हलतो.

त्यामुळे प्रत्येक कानासाठी तीन वायरी लागतात : एक धन जाळीची, एक ऋण जाळीची आणि एक बायसची. दोन कानांच्या मिळून सहा. बायस दोन्ही बाजूंना एकच असल्यामुळे प्लगमध्ये त्या दोन वायरी एकत्र येतात.

हे हेडफोन थेट फोनला जोडता येत नाहीत. त्यांना खास अ‍ॅम्प्लिफायर लागतो, किंवा एसआरडी-७ सारखा ट्रान्सफॉर्मरचा डबा लागतो, जो साध्या अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकर आउटपुटला जोडला जातो.

आधी पिना मोजा : नॉर्मल की प्रो?

सोल्डरिंग आयर्न गरम करण्याआधी प्लगच्या पिना मोजा. स्टॅक्सचे मुख्य प्रकार दोन :

• नॉर्मल बायस : ६ पिनांचा प्लग, बायस २३० व्होल्ट. एसआर-५, एसआर-एक्स, सुरुवातीचा लॅम्बडा.
• प्रो बायस : ५ पिनांचा प्लग, बायस ५८० व्होल्ट. १९८२ च्या लॅम्बडा प्रोपासून पुढचे.

नॉर्मल प्रकारात जाळी आणि पडद्यामधली फट कमी असते. त्यावर ५८० व्होल्ट दिले तर पडदा जाळीला चिकटू शकतो किंवा आत ठिणगी पडू शकते. म्हणूनच ६ पिनांचा प्लग ५ पिनांच्या सॉकेटमध्ये बसतच नाही. कंपनीने मुद्दाम तशी सोय केली आहे. याउलट ५ पिनांचा प्लग ६ पिनांच्या सॉकेटमध्ये बसतो आणि चालतो, फक्त आवाज कमी येतो.

यातून दुरुस्तीचा पहिला नियम निघतो. नॉर्मल हेडफोनचा प्लग खराब झाला म्हणून त्याला सहज मिळणारा ५ पिनांचा प्लग लावू नका. आज तुम्हाला ठाऊक असेल, पण उद्या दुसरं कुणीतरी तो प्रो सॉकेटमध्ये खुपसेल आणि पडदा जाईल. पडद्याला दुरुस्ती नाही.

धोका नेमका कुठे आहे?

५८० हा आकडा वाचून घाबरायला होतं. पण बायसच्या वाटेत साधारण ४.७ मेगाओहमचा मोठा रेझिस्टर असतो. त्यामुळे त्या पिनेतून वाहू शकणारा प्रवाह जेमतेम ०.१२ मिलीअँपिअर. आणि अ‍ॅम्प्लिफायरपासून काढलेल्या हेडफोनमध्ये साठलेली ऊर्जा तर काही मायक्रोज्यूल इतकीच.

खरा धोका बाकीच्या चार वायरींमध्ये आहे. जाळ्यांना जाणारा सिग्नल ३०० व्होल्टच्या घरात जाऊ शकतो आणि त्याच्या वाटेत बायससारखा मोठा रेझिस्टर नसतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या आतले कपॅसिटर तर वीज बंद केल्यावरही काही काळ भरलेले राहतात. म्हणून :

१. अ‍ॅम्प्लिफायर बंद करा, भिंतीतला प्लग काढा आणि किमान दहा मिनिटं थांबा. मग हेडफोन काढा.
२. हेडफोनच्या प्लगच्या सगळ्या पिना एका वायरच्या तुकड्याने क्षणभर एकमेकींना जोडा, म्हणजे उरलेला भार निघून जाईल. हे फक्त हेडफोनच्या प्लगवर करायचं, अ‍ॅम्प्लिफायरच्या सॉकेटवर कधीच नाही.
३. केबलचं आवरण कुठे फाटलंय, आतली तांब्याची तार दिसतेय, असा हेडफोन डोक्यावर चढवू नका. 'एकदा ऐकून बघू' हा मोह टाळा.
४. या लेखातलं काम हेडफोनपुरतं आहे. अ‍ॅम्प्लिफायर उघडायचा असेल तर उच्च व्होल्टेजवर काम करणाऱ्या जाणकाराकडेच द्या.

कोणतीही वायर का चालत नाही?

जुन्या लॅम्बडाची केबल रुंद आणि चपटी असते, पट्टीसारखी. ती दिसायला वेगळी म्हणून तशी केलेली नाही. वायरी एकमेकींपासून दूर ठेवल्या की त्यांच्यातली कपॅसिटन्स कमी होते. ही कपॅसिटन्स इथे महत्त्वाची, कारण हा हेडफोन स्वतःच एक छोटा कपॅसिटर आहे. लॅम्बडाची कपॅसिटन्स २.५ मीटर केबल धरून सुमारे ११० पिकोफॅरड असते.

आता साधी शिल्डेड माइक केबल घ्या. तिची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड असते. २.५ मीटर लावली की नुसती केबलच २५० पिकोफॅरड झाली, म्हणजे अख्ख्या हेडफोनच्या दुपटीहून जास्त. १० किलोहर्ट्झला मूळ हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरला १४५ किलोओहमचा भार वाटतो, तो आता बराच खाली येतो. उंच स्वरांना अ‍ॅम्प्लिफायरची दमछाक होते आणि झांजा, तबल्याची चाट असे आवाज मंद वाटू लागतात.

दुसरी गोष्ट इन्सुलेशन. चार्जरच्या किंवा इयरफोनच्या वायरचं पातळ आवरण एवढ्या व्होल्टेजसाठी बनवलेलंच नसतं. म्हणून शक्यतो मूळ केबलच थोडी आखूड करून पुन्हा वापरायची. पूर्ण बदलायचीच वेळ आली तर बंद पडलेल्या स्टॅक्स हेडफोनची केबल किंवा कंपनीची एक्स्टेन्शन केबल कापून वापरतात.

लक्षणांवरून बिघाड ओळखा

• एका बाजूचा आवाज हळूहळू कमी होत जातो आणि मग अगदी बारीक उरतो : त्या बाजूची बायसची वायर तुटलेली असण्याची शक्यता.
• एका बाजूचा आवाज अचानक कमी आणि फाटका : एका जाळीची वायर तुटली असावी. ओढणं-ढकलणं यातलं एकच काम चालू आहे.
• केबल हलवली की आवाज येतो-जातो : प्लगच्या किंवा कपाच्या तोंडाशी वायर आतून तुटली आहे.
• सतत सुसू आवाज किंवा चटचट : ओलावा, धूळ, किंवा इन्सुलेशनमधून होणारी गळती.
• दोन्ही बाजू एकदम मंद : हेडफोनपेक्षा अ‍ॅम्प्लिफायरच्या बायसवर संशय घ्या. दुसरा हेडफोन लावून खात्री करा.

एक गोष्ट बिघाड नाही, हेही लक्षात ठेवा. कप कानावर दाबला की 'फट्' किंवा 'पर्र' असा आवाज काही मॉडेल्समध्ये येतो. हवेच्या दाबाने पडदा क्षणभर जाळीला लागतो, एवढंच.

न उघडता तुटलेली जागा शोधा

इथे एक छान युक्ती आहे. तुमच्या मल्टिमीटरवर कपॅसिटन्स मोजायची सोय असेल आणि तो पिकोफॅरडपर्यंत दाखवत असेल, तर हेडफोन न उघडताच बरंच कळतं.

हेडफोनचा भार वर सांगितल्याप्रमाणे काढून टाका. मग डाव्या बाजूच्या दोन जाळ्यांच्या पिनांमध्ये कपॅसिटन्स मोजा. तसंच उजव्या बाजूला करा. दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत.

• एका बाजूला जेमतेम काही पिकोफॅरड दिसले तर वायर प्लगपाशीच तुटली आहे.
• आकडा दुसऱ्या बाजूपेक्षा कमी, पण अगदी नगण्य नाही, तर केबल शाबूत आहे आणि तुटलेली जागा कपाजवळ आहे. मीटरला दिसतेय ती नुसत्या केबलची कपॅसिटन्स.
• मीटर लावलेला असताना केबल हळूच वाकवा. ज्या जागी आकडा उड्या मारतो, तीच जागा.

मीटरच्या स्वतःच्या वायरींचीही थोडी कपॅसिटन्स असते. म्हणून आधी काहीही न जोडता दिसणारा आकडा लिहून घ्या आणि तो वजा करा.

बायसच्या वायरला ही युक्ती लागू होत नाही. दोन्ही बाजूंची बायस एकाच पिनेवर असते, शिवाय पडद्यावरच्या लेपाचा रोध फार मोठा असतो. ती वायर कप उघडून कंटिन्यूइटीनेच तपासावी लागते.

काय काय लागेल?

• तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग आयर्न, बारीक टोकाचं. ३३० ते ३५० अंश पुरे.
• रोझिन असलेलं ६०/४० किंवा ६३/३७ सोल्डर.
• आयसोप्रोपिल अल्कोहोल (९९ टक्के), कापसाच्या काड्या.
• हीट श्रिंक नळी, दोन-तीन मापांची.
• मल्टिमीटर, बारीक चिमटा, धारदार ब्लेड.
• एखादा तुकडा जोडायचाच झाला तर ६०० व्होल्ट किंवा जास्त क्षमतेची टेफ्लॉन आवरणाची बारीक वायर.

आणि हो, तुमचा फोन! प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा. कोणत्या रंगाची किंवा खुणेची वायर कुठे होती, हे अर्ध्या तासाने आठवत नाही.

प्लगजवळची दुरुस्ती

१. प्लग उघडा. काहींना स्क्रू असतात, काही चिकटवलेले असतात. चिकटवलेला असेल तर सांध्यावर ब्लेडने हळूहळू काम करा. पक्कड लावून दाबू नका, जुनं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं.

२. कोणती वायर कोणत्या पिनेला आहे त्याचं चित्र काढा. इंटरनेटवरच्या आकृतीवर डोळे मिटून विसंबू नका. काही आकृत्या प्लगच्या समोरून काढलेल्या असतात, काही सोल्डरच्या बाजूने. दोन्हींत डावं-उजवं उलटं होतं.

३. तुटलेल्या जागेच्या पुढे चार-पाच सेंटिमीटर सोडून केबल कापा. तार काळी पडलेली असेल तर स्वच्छ तार दिसेपर्यंत थोडी आणखी कापा. २.५ मीटरमधून एवढी गेली तर काही बिघडत नाही.

४. प्लगचं कव्हर आणि हीट श्रिंकचे तुकडे आधी केबलवर चढवा. सोल्डर झाल्यावर ते घालता येत नाहीत!

५. पिना गरम झाल्या की त्यांच्याभोवतीचं प्लॅस्टिक मऊ पडतं आणि पिन वाकडी होते. म्हणून प्लग एखाद्या सुट्या सॉकेटमध्ये खोचून ठेवा. सॉकेट पिना सरळ धरतं आणि जास्तीची उष्णताही ओढून घेतं. यासाठी अ‍ॅम्प्लिफायरचं सॉकेट वापरू नका.

६. वायरच्या टोकाला आधी थोडं सोल्डर लावून घ्या, मग पिनेवर दोन-तीन सेकंदांत जोड द्या. जोड गोल आणि गुळगुळीत हवा. टोकदार काटा राहिला तर उच्च व्होल्टेजला तिथून हवेत गळती होते आणि चटचट ऐकू येते.

७. फ्लक्सचा चिकट थर अल्कोहोलने पूर्ण पुसा. साध्या सर्किटमध्ये तो राहिला तरी चालतं. इथे मात्र त्यातूनही गळती होऊ शकते.

८. प्रत्येक जोडावर हीट श्रिंक चढवा. काळी पीव्हीसी चिकटपट्टी नको, वर्षभरात तिचा गोंद पाघळतो. आंबट वासाचं सिलिकॉनही नको, त्यातल्या आम्लाने तांबं गंजतं.

९. शेवटी केबल प्लगच्या पकडीत नीट बसवा. ओढ पकडीवर यायला हवी, सोल्डरच्या जोडावर नाही. मूळ बिघाड बहुतेक वेळा याच ठिकाणी झालेला असतो.

कपाजवळ तुटलं असेल तर

काम तेच, पण जोखीम जास्त. कारण इथून दोन-तीन सेंटिमीटरवर तो मायक्रॉनभर जाडीचा पडदा आहे.

कप उघडताना ड्रायव्हरवरचं धुळीपासून वाचवणारं पातळ आवरण काढू नका. फुंकर मारू नका, हवेचा पंप वापरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा तर अजिबात नको. सोल्डर करताना ड्रायव्हर स्वच्छ कापडाने झाका. फ्लक्सचा एक थेंब किंवा तारेचा एक कस आत गेला तर कायमची चटचट मागे लागते. ड्रायव्हरच्या पत्रीला आयर्न दोन सेकंदांहून जास्त टेकवू नका. एका झटक्यात जमलं नाही तर थंड होऊ द्या, मग पुन्हा प्रयत्न करा.

सुरू करण्याआधीची तपासणी

ही पायरी गाळू नका.

• प्रत्येक पिनेपासून तिच्या जाळीपर्यंत किंवा बायसच्या पत्रीपर्यंत कंटिन्यूइटी बघा. (कप उघडलेला नसेल तर कपॅसिटन्सचा आकडा पुन्हा घ्या. दोन्ही बाजू आता सारख्या यायला हव्यात.)
• ५ पिनांच्या प्लगमध्ये पिनांच्या एकूण १० जोड्या होतात. प्रत्येक जोडी मेगाओहमच्या सर्वात वरच्या रेंजवर मोजा. कुठेही आकडा दिसता कामा नये. काही मेगाओहम दिसले तरी गळती आहे असं समजा आणि पुन्हा स्वच्छ करा.
• मोजताना बोटं पिनांना लावू नका, नाहीतर मीटर तुमच्या अंगाचा रोध दाखवेल.

सगळं ठीक असेल तर हेडफोन डोक्यावर न घालता टेबलावर ठेवून जोडा, आवाज शून्यावर ठेवून अ‍ॅम्प्लिफायर सुरू करा. पाच मिनिटं वाट बघा. जळका वास, चटचट काही नसेल तर हळूहळू आवाज वाढवा आणि मग कानाला लावा. बायस भरायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे सुरुवातीला आवाज मंद वाटला तर घाबरू नका.

गायकाचा आवाज बरोबर मधे येतोय का, हेही ऐका. तो मधे न राहता डोक्याभोवती पसरलाय आणि बेस पातळ झालाय असं वाटलं, तर एका बाजूच्या धन-ऋण वायरी उलट्या लागल्या आहेत.

नेहमीचे प्रश्न

मल्टिमीटरवर बायस ५८० ऐवजी ३९५ व्होल्टच दिसतंय. बिघाड आहे का?
बहुधा नाही. साध्या मीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम असतो. वाटेत ४.७ मेगाओहमचा रेझिस्टर असेल तर व्होल्टेज दोघांत वाटलं जातं आणि मीटरला सुमारे ३९५ दिसतात. नॉर्मल बायसला याच हिशेबाने २३० ऐवजी १५६ च्या आसपास दिसतील. मात्र चालू अ‍ॅम्प्लिफायरच्या सॉकेटवर मोजणं नवख्या माणसाचं काम नाही.

जपानहून मागवलेला अ‍ॅम्प्लिफायर आपल्याकडे चालेल का?
मागची पाटी वाचा. जपानच्या बाजारातले संच १०० व्होल्टचे असतात. आपल्या २३० व्होल्टला थेट लावलात तर केबलची सगळी मेहनत वाया! २३० चे १०० करणारा ट्रान्सफॉर्मर घ्या, पाटीवरच्या वॅटच्या साधारण दुप्पट क्षमतेचा.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?
मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत गळती आणि सुसू आवाज वाढू शकतो. हेडफोन सिलिका जेलच्या पाकिटांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. हेअर ड्रायरने वाळवू नका.

पिना काळ्या पडल्यात, घासू का?
पॉलिश पेपर नको, वरचा मुलामा निघून जाईल. अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा, पूर्ण वाळू द्या.

कधी थांबायचं?

सगळ्या वायरी शाबूत आहेत, दोन्ही बाजूंची कपॅसिटन्स सारखी आहे, तरीही एक बाजू कायम मंद आहे? मग दोष पडद्यावरच्या लेपात किंवा ड्रायव्हरमध्ये असू शकतो. तिथे सोल्डरिंगचा उपयोग नाही. अशा वेळी हेडफोन जसा आहे तसा बंद करा आणि ड्रायव्हर बदलणाऱ्याकडे पाठवा.

सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर निदान तपासणीचा भाग स्वतः करा. 'उजव्या बाजूच्या धन जाळीची वायर प्लगपाशी तुटली आहे, केबल आखूड करून मूळ प्लगच पुन्हा लावा, आतल्या पडद्याला हात लावू नका' एवढं लिहून दिलंत, तर रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा अनुभवी कारागीरही हे काम नीट करू शकेल. कापलेला जुना तुकडा आणि काढलेले सुटे भाग फेकू नका. पुढच्या दुरुस्तीला तेच नमुना म्हणून कामी येतात.